प्रहार आणि परिणाम : इंग्रजी क्रियापदांच्या एका मौनाविषयी

१

साहित्यकृतीतील हिंसेची चर्चा करताना समीक्षेची दृष्टी प्रायः प्रसंगाकडे, पात्रांच्या हेतूंकडे आणि त्यामागील सामाजिक संबंधांकडे वळते. प्रहार ज्या क्रियापदाच्या द्वारे वाक्यात येतो त्याची दखल फार तर शैलीच्या पातळीवर घेतली जाते. अमुक क्रियापद सौम्य, तमुक तीव्र, एवढे नोंदवून विषय संपतो. इंग्रजीतील प्रहारवाचक क्रियापदांच्या बाबतीत ही पद्धत अपुरी ठरते. 'हिट', 'स्ट्राइक', 'स्लॅप', 'किक', 'नॉक' अशा क्रियापदांचा एक मोठा समूह या भाषेत आहे. तो प्रहार झाल्याचे सांगतो आणि प्रहाराने काय झाले याविषयी गप्प राहतो. हे मौन लेखकाच्या संयमातून येत नाही. ते क्रियापदाच्या अर्थरचनेतच असते. ते कशाने भरले जाते आणि कोण भरतो, हा प्रश्न जितका व्याकरणाचा तितकाच कविता वाचण्याचा, साक्ष तपासण्याचा आणि कायदा लिहिण्याचाही आहे.

२

या प्रश्नाची व्याकरणिक बाजू चार्ल्स फिलमोर यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द ग्रामर ऑफ हिटिंग अँड ब्रेकिंग' या निबंधात मांडली. 'हिट' आणि 'ब्रेक' ही दोन्ही क्रियापदे सकर्मक आहेत. मुलाने खिडकीवर दगड मारला आणि मुलाने दगडाने खिडकी फोडली, हे दोन आशय इंग्रजीत एकाच साच्याच्या वाक्यांत मांडता येतात : कर्ता, क्रियापद, कर्म आणि 'विथ' या शब्दाने जोडलेले साधन. साम्य येथेच संपते. खिडकी फुटली या अर्थी 'द विंडो ब्रोक' असे इंग्रजीत म्हणता येते. खिडकीवर प्रहार झाला या अर्थी 'द विंडो हिट' असे म्हणता येत नाही. उलट, प्रहार पायावर झाला असेल तर 'हिट' दोन पर्याय देते : 'ही हिट माय लेग' आणि 'ही हिट मी ऑन द लेग'. पाय मोडला असेल तर मात्र 'ही ब्रोक माय लेग' एवढीच रचना शक्य असते. 'ही ब्रोक मी ऑन द लेग' असे कोणी म्हणत नाही.

फिलमोर यांच्या स्पष्टीकरणानुसार 'ब्रेक'चे कर्म म्हणजे ज्यात बदल घडतो ती वस्तू होय. 'हिट'चे कर्म अर्थदृष्ट्या एक स्थान असते, प्रहार जेथे जाऊन पोहोचतो ते ठिकाण. पाणिनीय कारकविचाराच्या परिभाषेत सांगायचे तर ते कर्माच्या वेशात आलेले अधिकरण आहे. सोयीसाठी पहिल्या वर्गाला संपर्कवाचक आणि दुसऱ्याला विकारवाचक म्हणता येईल. बेथ लेव्हिन यांनी १९९३ च्या 'इंग्लिश व्हर्ब क्लासेस अँड अल्टरनेशन्स' या ग्रंथात ही विभागणी शेकडो क्रियापदांपर्यंत नेली. त्यांच्या वर्गीकरणातून आणखी एक गमक हाती येते. 'हिट ॲट' अशी रचना करता येते आणि तिच्यात प्रहाराचा रोख कळतो, तो लागला की नाही हे अनिर्णित राहते. 'ब्रेक ॲट' अशी रचना होत नाही, कारण बदल घडल्याशिवाय 'ब्रेक' या क्रियेला अस्तित्वच नसते.

यावर एक आक्षेप संभवतो. प्रत्यक्ष वापरात 'हिट' ऐकणाऱ्याला इजेची कल्पना येतेच, मग मौन कसले? कल्पना येते हे खरे. परंतु ती संदर्भातून येते. तिची हमी देण्यासाठी इंग्रजीला वेगळा शब्द जोडावा लागतो. 'नॉक डाउन' म्हटल्यावर माणूस खाली पडलेला असतो, 'स्ट्राइक डेड' म्हटल्यावर तो मेलेला असतो, 'बीट टु डेथ'मध्ये मृत्यू शेवटच्या शब्दाने आणलेला असतो. परिणामाला असे स्वतंत्र पद लागते, यातूनच मूळ क्रियापदात तो नसल्याचे सिद्ध होते.

३

परिणामाविषयी गप्प असलेली ही क्रियापदे बाकीच्या तपशिलांविषयी मात्र कमालीची बोलकी आहेत. 'स्लॅप'मध्ये हाताचा तळवा आहे, 'पंच'मध्ये मूठ, 'किक'मध्ये पाऊल. 'बीट'मध्ये आवृत्ती आहे. एका प्रहाराला सहसा 'बीट' म्हणत नाहीत. त्यामुळेच हृदयाच्या ठोक्यांना आणि तालाला हेच क्रियापद चालते. 'स्मॅक', 'थम्प', 'व्हॅक' यांत आघाताचा ध्वनी आहे. 'व्हिप', 'केन', 'बेल्ट', 'क्लब' यांत साधनाचे नामच क्रियापद झाले आहे. थोडक्यात, मारणाऱ्याकडून दिसणारे सर्व काही या शब्दसमूहात नोंदले गेले आहे. ज्याला मार बसला त्याच्याकडून दिसणारे फारसे काही नाही.

शब्दांचा इतिहासही याला पूरक आहे. 'हिट' प्राचीन नॉर्स भाषेतून आले. तेथे मूळ शब्दाचा अर्थ भेटणे, आढळणे असा होता. 'स्ट्राइक'च्या प्राचीन इंग्रजी पूर्वरूपाचा अर्थ जाणे, हलकेच घासणे असा होता. म्हणजे दोन्ही शब्द गतीकडून आणि स्पर्शाकडून प्रहाराकडे आले. 'स्ले'चा प्रवास वेगळा आहे. त्याच्या प्राचीन रूपाचा मुख्य अर्थ प्रहार करणे हाच होता आणि त्याचे जर्मन भावंड 'श्लागेन' आजही त्याच अर्थाने वापरले जाते. इंग्रजीत मात्र त्याने परिणाम गिळंकृत केला आणि ते वधवाचक झाले. १६११ च्या बायबल-भाषांतरातील 'स्माइट' या दोहोंच्या सीमेवर उभे आहे : गालावरच्या प्रहारालाही तेच आणि मिसरमधील प्रथमजातांच्या संहारालाही तेच. मौनाची ही सीमा इतिहासात हलत आली आहे, हे यावरून लक्षात येते.

४

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग मानसशास्त्रात विख्यात आहे; साहित्याच्या अभ्यासकानेही तो विचारात घेण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या चित्रफिती दाखवण्यात आल्या आणि आदळण्याच्या वेळी मोटारींचा वेग किती होता असे विचारण्यात आले. प्रश्नातील क्रियापद गटागटाला बदललेले होते. 'स्मॅश' वापरले त्या गटाने सरासरी वेग ताशी ४०.५ मैल सांगितला, 'हिट' वापरले त्या गटाने ३४, तर 'कॉन्टॅक्ट' वापरले त्या गटाने ३१.८. दुसऱ्या प्रयोगात एका आठवड्यानंतर विद्यार्थ्यांना फुटलेली काच दिसली होती का, असे विचारले गेले. चित्रफितीत काच फुटलेली नव्हती. 'स्मॅश' ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी होकार दिला, 'हिट' ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. ज्यांना वेगाविषयी काहीच विचारले नव्हते अशा ५० पैकी ६ जणांनीही होकार दिला होता.

या प्रयोगाचे तात्पर्य सामान्यतः स्मृतीच्या अविश्वसनीयतेविषयी सांगितले जाते. वरील व्याकरणिक भेद लक्षात घेतला तर त्यात आणखी काही दिसते. 'स्मॅश' हे क्रियापद लेव्हिन यांनी दोन्ही वर्गांत नोंदवले आहे : परिणाम अभिप्रेत नसेल तेव्हा 'हिट'च्या वर्गात, असेल तेव्हा 'ब्रेक'च्या. प्रयोगातील प्रश्नात ते 'इन्टू'सह, म्हणजे आदळण्याच्या रचनेत आले होते. वाक्याने संपर्कापलीकडे काही सांगितले नव्हते. क्रियापदाने मात्र आपल्या दुसऱ्या वर्गाची आठवण बरोबर आणली होती. ऐकणाऱ्यांपैकी काहींनी त्या आठवणीला काच पुरवली. येथे सावधपणे बोलले पाहिजे. 'स्मॅश' आणि 'हिट' यांत जोराचाही फरक आहे आणि परिणामाचाही. त्यांतील कोणत्या फरकाने काच फोडली हे हा प्रयोग वेगळे करून दाखवत नाही. तरीही 'हिट' ऐकलेला गट आणि काहीच न ऐकलेला गट यांच्या उत्तरांत जवळजवळ फरक नाही, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. 'हिट'ने काचेविषयी काहीही सांगितले नव्हते, आणि त्याच्या श्रोत्यांनीही फारसे काही जोडले नाही.

५

ज्या मौनाचा मानसशास्त्राने प्रयोगशाळेत शोध घेतला त्याचा वापर कवींनी फार पूर्वीपासून केला आहे. जॉन डन याच्या मृत्यूनंतर, १६३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या धार्मिक सुनीतांपैकी 'बॅटर' या आज्ञार्थी क्रियापदाने सुरू होणारे सुनीत याचे उत्तम उदाहरण आहे. त्यातील कामवासनेच्या आणि वेढ्याच्या प्रतिमांवर विपुल लिहिले गेले आहे. त्याची संपूर्ण मागणी मात्र दोन क्रियापदवर्गांच्या फरकावर उभी आहे. ईश्वराने आजवर नुसते 'नॉक' केले अशी भक्ताची तक्रार आहे. 'नॉक' हे दारावरचे क्रियापद आहे. ते दाराला स्पर्श करते, दारात बदल घडवत नाही. उघडणे न उघडणे आतल्यावर सोपवते. भक्त 'ब्रेक' मागतो. फरक केवळ जोराचा असता तर अधिक जोराने 'नॉक' करण्याची विनंती पुरली असती. त्याला संपर्क नको, स्थित्यंतर हवे आहे, आणि ते आपल्या संमतीवर अवलंबून नसावे असेही वाटते. प्रारंभीचे 'बॅटर' हे या दोहोंमधला पूल आहे. व्याकरणाने ते संपर्कवाचकच. पण तटबंदीवरच्या अखंड आघातांतून भिंत कोसळते ही स्मृती त्यात आहे. अध्यात्मिक तळमळीचे मोजमाप येथे एका क्रियापदवर्गातून दुसऱ्यात जाण्याच्या हट्टाने होते.

विल्यम बटलर येट्सच्या 'लीडा अँड द स्वान' या १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुनीतात याच भेदाला अधिक अस्वस्थ करणारे रूप मिळाले आहे. कवितेचा आरंभ एका आघाताने होतो, परंतु तो आघात नामाने येतो. 'ब्लो' म्हटल्याने कर्ता सांगण्याची गरज उरत नाही. कर्मही सांगावे लागत नाही. हंस शीर्षकात आहे, कवितेच्या चौदा ओळींत त्याचे नाव नाही. प्रहारवाचक म्हणता येईल असे 'बीट' हे क्रियापद पुढे दोनदा येते : आधी पंखांच्या फडफडीसाठी, मग छातीशी जाणवणाऱ्या परक्या हृदयाच्या ठोक्यांसाठी. दोन्ही वेळा ते अकर्मक आहे. ज्या स्त्रीवर अत्याचार होतो ती या क्रियापदाचे कर्म कधीच होत नाही. 'ब्रेक'चे भूतकालवाचक धातुसाधित रूप कवितेत एकदा येते, आणि ते ट्रॉयच्या भिंतीला लागते. परिणाम नगराच्या वाट्याला, इतिहासाच्या वाट्याला आला. स्त्रीच्या वाट्याला तिचा तोल जाणे, भय आणि पराधीनता आली, इजेचे क्रियापद आले नाही.

याचा अर्थ कसा लावावा याविषयी मतभेद होऊ शकतात. कवीने अत्याचाराचे सौंदर्यात रूपांतर केले, असा आरोप करता येईल. उलट, पुराणकथा स्त्रीची इजा कशी झाकते आणि युद्धाचीच नोंद कशी ठेवते हे कवितेने उघडे केले, असेही म्हणता येईल. कवितेच्या शेवटी असलेला प्रश्न त्या स्त्रीला काय कळले असेल याविषयीचा आहे. तो दुसऱ्या वाचनाला बळ देतो. यांतील कोणताही पक्ष घेतला तरी आघात कोणत्या पदजातीत आला, कोणाला कर्म मिळाले आणि कोणाला नाही, हे आधी पाहावे लागते. त्यावाचून दोन्ही वाचने केवळ अभिप्राय राहतात.

६

कवितेत हा भेद अर्थनिर्णयाचा असतो, न्यायालयात तो अपराधनिर्णयाचा होतो. इंग्लिश विधीने 'बॅटरी' या अपराधाची व्याख्या संपर्कावर उभी केली. रागाने केलेला अल्पसा स्पर्शही 'बॅटरी' होय, असे मुख्य न्यायाधीश होल्ट यांनी १७०४ मध्ये म्हटले होते. 'बॉडिली हार्म' हा अपराध परिणामावर उभा आहे. प्रौढांच्या बाबतीत दोन्ही मार्ग खुले असतात. मुलांच्या बाबतीत पहिला मार्ग दीर्घकाळ अडवला गेला. १८६० मध्ये ईस्टबोर्न येथील शिक्षक टॉमस हॉपली याने केलेल्या मारहाणीत रेजिनल्ड कॅन्सेलर हा विद्यार्थी मरण पावला. हॉपली सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरला. परंतु त्याच खटल्यात मुलाला सुधारण्यासाठी पालक वा शिक्षक माफक आणि वाजवी शारीरिक शिक्षा करू शकतो, हे तत्त्वही न्यायाधीश कॉकबर्न यांनी स्पष्ट केले. २००४ च्या चिल्ड्रन ॲक्टने इंग्लंड आणि वेल्समध्ये या बचावाला मर्यादा घातली. प्रत्यक्ष शारीरिक इजा झाली असल्यास तो घेता येणार नव्हता. म्हणजे मुलाच्या बाबतीत संपर्क क्षम्य ठरू शकत होता. निर्णय परिणामावर होता.

या दीर्घ वादातील क्रियापदे पाहण्यासारखी आहेत. 'चॅस्टाइज'च्या लॅटिन मुळात शुद्ध करण्याची कल्पना आहे. 'केन' आणि 'बेल्ट' यांनी साधन पुढे केले. शाळेत ते साधन शिक्षकाच्याच हाती असते, त्यामुळे अधिकार न सांगता सिद्ध होतो. 'स्मॅक' आणि 'स्पँक' यांत मारणाऱ्याचे आणि मार खाणाऱ्याचे नातेही सामावलेले आहे. आई मुलाला 'स्पँक' करते. मूल आईला 'हिट' करते. याच्या उलट म्हटले तर वाक्य एकतर विनोदी होते वा विपरीत. 'हिट'ने जी जागा रिकामी ठेवली ती या क्रियापदांनी परिणामाऐवजी अधिकाराने भरली. मुलाला लागले की नाही हा प्रश्न उद्भवण्यापूर्वीच तो प्रहार 'योग्य त्या' वर्गात जाऊन बसतो.

इंग्लंडमधील सरकारी शाळांतली छडी १९८७ मध्ये बंद झाली. स्कॉटलंडने २०१९ मध्ये केलेला कायदा ७ नोव्हेंबर २०२० रोजी अमलात आला आणि वेल्सचा २१ मार्च २०२२ रोजी. वृत्तपत्रांनी दोन्ही कायद्यांना 'स्मॅकिंग'वरची बंदी म्हटले. कायद्यांच्या नावांत मात्र तो शब्द नाही. स्कॉटलंडच्या कायद्याच्या नावात 'असॉल्ट'पासून समान संरक्षण आहे, वेल्सच्या नावात वाजवी शिक्षेच्या बचावाचे निर्मूलन. बदल जितका शिक्षेच्या तरतुदींत झाला तितकाच तो क्रियेच्या नावात झाला : मुलाला वेगळे क्रियापद आणि प्रौढाला वेगळे, ही व्यवस्था विधीच्या भाषेपुरती तेथे संपली.

७

या सर्वांचा मराठीशी संबंध अनुवादाच्या द्वारे येतो. मराठीतील 'मारणे' रूपाने विकारवाचक आहे. फुटणे–फोडणे, तुटणे–तोडणे या जोड्यांप्रमाणेच मरणे–मारणे ही जोडी आहे आणि संस्कृत 'मृ' धातूच्या प्रयोजक रूपापासून ती आली आहे. वापरात मात्र हे क्रियापद परिणाम गमावून संपर्काकडे सरकले. 'डास मारला' यात परिणाम आहे. 'मुलाला मारले' यात तो गृहीत नाही आणि असल्यास 'ठार' वा 'जिवे' जोडावे लागते. 'हाक मारणे', 'फेरी मारणे' यांत तर प्रहारही उरला नाही. 'स्ले' ज्या वाटेने गेले तिच्या नेमक्या उलट दिशेने 'मारणे' आले आहे. प्रहाराचे तपशील मराठीत बहुधा क्रियापदाऐवजी नामात किंवा क्रियाविशेषणात राहतात : थप्पड, गुद्दा, धपाटा, टपली, लाथ, खाडकन, धपकन. बडवणे, झोडपणे, धोपटणे अशी स्वतंत्र क्रियापदेही आहेत. यांतील झोडपण्याचा आणि मळणीचा संबंध इंग्रजी 'थ्रॅश'लाही आहे.

मराठीजवळ आणखी एक क्रियापद आहे, आणि त्याला इंग्रजीत सरळ प्रतिशब्द नाही. 'लागणे' मुळात स्पर्शवाचक. पण 'त्याला लागले' म्हटले की इजा झाली. येथे मारणारा वाक्यात नसतो आणि ज्याला लागले त्याच्याकडून घटना सांगितली जाते. 'मार खाल्ला', 'मार बसला' यांतही दृष्टी तीच. इंग्रजी कर्मणी प्रयोगाने मारणाऱ्याला वाक्याबाहेर ठेवू शकते, परंतु 'ही वॉज हिट'मध्ये लागल्याची ग्वाही नसते. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील 'हर्ट'ला मराठीत दुखापत हा शब्द आला. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी साधी आणि जबर दुखापत हा परिणामाधारित भेद टिकून आहे.

अनुवादकापुढचा पेच यातून स्पष्ट होतो. 'स्मॅक'ला 'धपाटा' म्हटले तर मराठीतील घरगुती माया त्याला चिकटते. 'मारहाण' म्हटले तर अपराधाचा निवाडा आधीच होतो. 'हिट'ला सवयीने 'इजा केली' किंवा 'जखमी केले' म्हटले तर मूळ वाक्याने न दिलेली साक्ष अनुवादक देतो. डनचे 'नॉक' आणि 'ब्रेक' दोन्ही 'आघात' या एका शब्दात गोळा केले तर सुनीतातील मागणीच नाहीशी होते. दार वाजवणे आणि दार फोडणे यांतले अंतर राखले तर ती मराठीतही उभी राहते.

प्रहाराचे वर्णन करणारे वाक्य समोर आले की त्याची तीव्रता मोजण्यापूर्वी समीक्षकाने काही साध्या गोष्टी विचारल्या पाहिजेत. क्रियापद संपर्काचे आहे की विकाराचे? प्रहार सोसणारा व्याकरणात वस्तू आहे, स्थान आहे की अनुपस्थित आहे? परिणाम सांगितला असेल तर तो कोणाच्या वाट्याला आला? मराठी घरात पडलेल्या वा मार खाल्लेल्या मुलाला पहिला प्रश्न विचारला जातो तो 'लागलं का?' हा. इंग्रजीतील प्रहारवाचक वाक्याला तोच प्रश्न वाचकाने विचारायचा असतो, कारण ते वाक्य त्याचे उत्तर आपणहून देत नाही.